हातउसन्या पैशांच्या दाव्याची मुदत कशी मोजावी

उसने दिलेले पैसे बुडू लागले तर दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा लावता येतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण तो किती काळात लावायचा, हे वकिलाकडे गेल्यावरच कळते आणि तोवर पुष्कळदा मुदत उलटून गेलेली असते. भारतात हा काळ १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने ठरवला आहे. दावा मुदतबाह्य असेल, तर प्रतिवादीने तशी हरकत घेतली नसली तरी कलम ३ नुसार न्यायालयाला तो फेटाळावाच लागतो. त्यामुळे समोरच्याच्या भलेपणावर विसंबून येथे काही साधत नाही.

सर्वप्रथम मुदत कोणत्या दिवसापासून सुरू होते, हे निश्चित करावे. परतफेडीची तारीख लेखी ठरली असेल, तर साधारणपणे त्या तारखेपासून ३ वर्षे मोजतात. ‘मागाल तेव्हा देईन’ एवढ्याच बोलीवर रक्कम दिली असेल, तर बहुतेकांची समजूत अशी असते की आपण पैसे मागितले तेव्हापासून मुदत धरायची. ही समजूत चुकीची असून सर्वांत महाग पडणारीही हीच आहे, कारण अशा कर्जाची ३ वर्षे रक्कम दिल्याच्या दिवसापासूनच मोजली जातात.

मोजताना पहिला दिवस वगळावा. समजा, २० मे २०२३ रोजी पैसे दिले, तर दावा दाखल करण्याचा शेवटचा दिवस २० मे २०२६ हा होतो. त्या दिवशी उन्हाळी सुट्टीमुळे न्यायालय बंद असेल, तर कलम ४ प्रमाणे न्यायालय उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. मात्र उघडल्यानंतर आणखी एक दिवसही गेला तर ही सवलत उरत नाही. दस्तावर केवळ तिथी लिहिलेली असली, तरी गणना इंग्रजी महिन्यांनीच होते.

मुदत संपत आली असूनही नातेसंबंधामुळे दावा टाळायचा असेल, तर ऋणकोकडून, म्हणजे पैसे घेणाऱ्याकडून, कर्ज मान्य असल्याची लेखी कबुली तारखेसह सहीनिशी घ्यावी. कलम १८ नुसार त्या सहीच्या दिवसापासून नवी ३ वर्षे सुरू होतात, परंतु ती सही जुनी मुदत संपण्यापूर्वीच झालेली असली पाहिजे. व्याजाचा किंवा मुद्दलाचा काही भाग मुदतीत मिळाला, तरी भरण्याच्या दिवसापासून मुदत नव्याने मिळते. मात्र त्या भरण्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी हवी. म्हणून रोख हप्ता घेऊन आपल्याच वहीत टिपून ठेवण्याने काही साधत नाही.

वकिलामार्फत नोटीस पाठवली की मुदत थांबते, असेही अनेकजण धरून चालतात. खासगी व्यक्तीला पाठवलेल्या नोटिशीने एक दिवसही वाढत नाही. विलंब माफीचा अर्जही येथे उपयोगी पडत नाही, कारण कलम ५ अपिलांना आणि अर्जांना लागू आहे, मूळ दाव्यांना नाही. दावा सद्भावनेने, पण अधिकार नसलेल्या न्यायालयात चालवण्यात गेलेला काळ मात्र कलम १४ खाली वगळून मिळू शकतो.

३ वर्षे उलटून गेली म्हणजे कर्ज नाहीसे झाले, असे नव्हे. केवळ दाव्याचा मार्ग बंद होतो, आणि ऋणकोने नंतर आपणहून पैसे दिले तर ते त्याला परत मागता येत नाहीत. (स्थावर मालमत्तेचे तसे नाही: ताब्याच्या दाव्याची १२ वर्षांची मुदत संपली की कलम २७ मुळे मालकीहक्कच जातो.) मुदतबाह्य कर्जासाठीही एक वाट उरते. भारतीय करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे ऋणकोने ती रक्कम देण्याचे लेखी वचन सहीनिशी दिले, तर तो नवा करार ठरतो. येथे ‘मी इतके देणे लागतो, हे मान्य आहे’ एवढी कबुली पुरत नाही. ‘ही रक्कम मी देईन’ असे स्पष्ट शब्द कागदावर असावेत, आणि सही करण्यापूर्वीच ते तपासून घ्यावेत.