सपाट प्लॉट नकाशात फुगू नये म्हणून: ड्रोन कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन कसे करावे

नवी मुंबईत घणसोलीत किंवा शिळफाट्याकडे भराव टाकून सपाट केलेला प्लॉट मोजायला सोपा वाटतो. ड्रोन मॅपिंगसाठी मात्र हीच जागा सर्वांत फसवी. कॅमेरा सरळ खाली, रेषा समांतर, उंची एकच आणि जमिनीला चढउतार नाही. अशा फोटोंतून भिंगाचा बाक कोणता आणि जमिनीचा कोणता, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. भिंगाची बारीकशी चूक ते जमिनीच्या माथी मारते आणि प्लॉटच्या मधोमध घुमट किंवा खोलगा तयार होतो. ऑर्थोफोटोत (फोटो जोडून केलेल्या सपाट नकाशात) तो दिसत नाही, भरावाच्या हिशेबात दिसतो. १० हेक्टरवर उंची सरासरी ५ सेंटिमीटरने चुकली तर ५,००० घनमीटरचा फरक पडतो, म्हणजे साडेसतराशेहून जास्त ब्रास मुरूम.

खालचे आकडे १ इंची सेन्सर, २० मेगापिक्सेल आणि ८.८ मिलिमीटर भिंगाच्या कॅमेऱ्यासाठी आहेत. त्याचा एक पिक्सेल २.४१ मायक्रॉनचा असतो. ६० मीटरवरून एक पिक्सेल जमिनीवर सुमारे १६ मिलिमीटर व्यापतो.

आधी कॅमेरा बांधून टाका

कॅलिब्रेशन म्हणजे कॅमेऱ्याची आतली मापे ठरवणे: फोकल लेंग्थ, प्रतिमेचा खरा मध्यबिंदू आणि भिंगाची विकृती. फोटोगणिक ही मापे हलत राहिली तर ठरवायचे तरी काय? म्हणून ड्रोन उंचीवर नेऊन एकदाच ऑटोफोकस घ्या आणि लगेच मॅन्युअल करा. बॅटरी बदलल्यावर पुन्हा पाहा. काही ड्रोन बंद-चालू केले की ऑटोफोकसवर जातात. भिंगाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ५.६ च्या आसपास कायम ठेवा. डिस्टॉर्शन करेक्शन (विकृती आपोआप सरळ करणे) आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन बंद. फोटो पूर्ण सेन्सरचा, ३:२ प्रमाणात. मेकॅनिकल शटर असेल तर तेच निवडा.

शटर १/१००० सेकंद आणि वेग ५ मीटर प्रतिसेकंद असेल तर शटर उघडे असताना ड्रोन ५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्शाइतका. १/२५० वर हेच २० मिलिमीटर होतात आणि फोटो धूसर येतो.

आपल्या दमट हवेत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. एसी गाडीतून काढलेल्या थंड भिंगावर बाहेर येताच बाष्प धरते. ड्रोन अर्धा तास आधी बाहेर सावलीत ठेवा.

चेकरबोर्डचे काय?

घरी चेकरबोर्डचे (बुद्धिबळासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या बोर्डाचे) २०-२५ फोटो काढून मिळणारी मापे सुरुवातीला चालतात, त्याहून अधिक विश्वास ठेवू नका. बोर्ड मीटरभरावर असतो आणि जमीन ६० मीटरवर. फोकस बदलला की फोकल लेंग्थही बदलते. करायचेच असेल तर छापील कागद एसीपी शीटवर (अ‍ॅल्युमिनियमच्या ताठ पत्र्यावर) सपाट चिकटवा, बोर्ड फोटोच्या चारही कोपऱ्यांत येऊ द्या आणि काही फोटो कॅमेरा ९० अंशांत फिरवून घ्या. फुगलेला कागद म्हणजे चुकीची मापे.

खरे कॅलिब्रेशन हवेत होते

पहिली ग्रिड (समांतर रेषांचे उड्डाण) ६० मीटरवरून, कॅमेरा सरळ खाली: पुढचा ओव्हरलॅप (शेजारच्या फोटोंतला सामाईक भाग) ८० टक्के, बाजूचा ७०. म्हणजे दर १२ मीटरला फोटो आणि रेषांमध्ये २७ मीटर अंतर. दुसरी ग्रिड पहिलीला काटकोनात, ४८ मीटरवरून, गिम्बल (कॅमेऱ्याचा फिरता आधार) उणे ९० ऐवजी उणे ६५ ते ७० वर. हे २०-२५ अंशांचे तिरपे फोटोच घुमट मोडतात, कारण जमिनीचा तोच बिंदू भिंगाच्या वेगळ्या भागातून, वेगळ्या अंतरावरून दिसतो. वेळ वाचवायला दुसरी ग्रिड गाळण्याचा मोह होतो. गाळू नका. फोटोत क्षितिज मात्र येऊ देऊ नका.

६० मीटर म्हणजे १९७ फूट. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ग्रीन झोनची (परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या हवाई भागाची) मर्यादा २०० फूटच आहे. नवी मुंबई विमानतळामुळे शहरातल्या बऱ्याच नोडांना (वसाहतींना) हे लागू होते, म्हणून उड्डाणाआधी अधिकृत एअरस्पेस नकाशा पाहा.

खाडीलगतच्या प्लॉटवर भरती-ओहोटीची वेळ बघा. चमकते पाणी आणि वाऱ्यावर हलणारी खारफुटी यांवर धरलेले टाय पॉइंट (फोटो जुळवायला सॉफ्टवेअरने शोधलेले समान बिंदू) कॅलिब्रेशन बिघडवतात. तो भाग मास्क करा, म्हणजे हिशेबातून वगळा.

जीसीपी आणि चेक पॉइंट

जीसीपी म्हणजे जमिनीवरचे अचूक मोजलेले बिंदू, ज्यांवर मॉडेल बसवतात. चेक पॉइंटही तसेच मोजलेले, पण फक्त तपासणीसाठी राखलेले. दोन्हींसाठी ६० सेंटिमीटरचे काळे-पांढरे चौकोन लावा. चकचकीत फ्लेक्स दुपारी उन्हात पांढरा पडतो आणि मध्यबिंदू सापडत नाही, मॅट घ्या. चुन्याची खूण फिसकटते. १० हेक्टरला ८ जीसीपी आणि ४-५ चेक पॉइंट ठेवा. चेक पॉइंटपैकी एक अगदी मधोमध हवाच. प्रत्येक बिंदू आरटीके रोव्हरने (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएसने) दोनदा मोजा. निर्देशांक यूटीएम ४३ उत्तरमध्ये (या भागाच्या नकाशा-पट्ट्यात).

सॉफ्टवेअरमध्ये

फोटो जुळवून जीसीपी टिपा आणि कॅमेरा ऑप्टिमाइझ करा. एफ (फोकल लेंग्थ), सीएक्स, सीवाय (मध्यबिंदू), के१ ते के३, पी१, पी२ (विकृती) एवढीच मापे मोकळी सोडा. यादीतल्या सगळ्याच मापांवर टिक केली की रीप्रोजेक्शन एरर (बिंदू फोटोत किती पिक्सेलने चुकतो ते) सुंदर दिसतो आणि मॉडेल बिघडते. के१, के२ आणि के३ एकमेकांशी घट्ट बांधलेले दिसतील. त्याने घाबरू नका.

आता एफ पाहा. या कॅमेऱ्यात तो ३,६५० पिक्सेलच्या आसपास यायला हवा. तापमानाने काही पिक्सेल सरकतो. पण ३० पिक्सेल सरकला तर ६० मीटरवर उंचीत अर्ध्या मीटरची गडबड होऊ शकते.

निकाल देतात ते चेक पॉइंट. उंचीतली चूक ३ ते ५ सेंटिमीटरच्या आत आणि विखुरलेली असेल तर काम झाले. मधला बिंदू अधिक आणि कडेचे सगळे उणे, किंवा उलट, असे आले तर घुमट अजून शिल्लक आहे. तेव्हा जीसीपी वाढवून आकडे दाबून बसवू नका, तिरपी ग्रिड पुन्हा उडवा.

मिळालेली मापे फाइलमध्ये जपून ठेवा. वेबओडीएम या मॅपिंग सॉफ्टवेअरमध्ये ती कॅमेरा फाइल म्हणून मिळतात. पुढच्या कामात ती सुरुवातीची मापे म्हणून द्या, फिक्स करू नका. ड्रोन आदळला किंवा गिम्बल बदलला तर ती फाइल काढून टाका.