सुदानचे युद्ध समजून घ्यायचे तर

१५ एप्रिल २०२३ रोजी सुदानची राजधानी खार्टूममध्ये, देशाचे लष्कर आणि 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' हे निमलष्करी दल यांच्यात गोळीबार सुरू झाला. त्यानंतरच्या रविवारी, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाचनमंडळात, सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न होता : यात बरोबर कोण आणि चूक कोण? प्रश्न रास्त आहे. परंतु अभ्यासाची सुरुवातच त्याने केली की माणूस एका बाजूला जाऊन बसतो आणि पुढचे सगळे वाचन त्या बाजूची वकिली होऊन जाते. म्हणून आधी जमीन, मग शस्त्रे आणि पैसा, आणि त्यानंतर माणसांची विधाने, या क्रमाने जावे असे मला अनुभवाने वाटते. सुदानचे उदाहरण मी मुद्दाम घेतो आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतला 'सुदान ब्लॉक' त्या देशाच्या देणगीमुळे त्या नावाचा झाला आणि सुदानची १९५३ सालची पहिली संसदीय निवडणूक आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली पार पडली. तरीही त्या देशाविषयी आपण फार थोडे जाणतो, हे मला मनापासून खटकते.

प्रथम कोऱ्या कागदावर नकाशा स्वतःच्या हाताने काढावा. निळी आणि पांढरी नाईल जिथे मिळतात तिथे खार्टूम, पूर्वेला तांबड्या समुद्रावर पोर्ट सुदान आणि पश्चिमेला, आकाराने जवळजवळ फ्रान्सएवढे, दार्फूर. मग त्याच कागदावर पाऊस दाखवावा : उत्तरेला वाळवंट आणि दक्षिणेकडे वाढत जाणारे पर्जन्य. सत्ता, शाळा आणि कालवे नाईलच्या काठी एकवटले, आणि दार्फूर तर १९१६ मध्ये सुलतान अली दिनार मारला गेल्यानंतरच सुदानला जोडले गेले, या दोन गोष्टी नकाशावर एकत्र पाहिल्या की पुढचे बरेचसे राजकारण उलगडू लागते.

जमिनीच्या प्रश्नावर मात्र सावकाश थांबावे, कारण वर्तमानपत्रांतला 'अरब विरुद्ध आफ्रिकी' हा मथळा इथेच अपुरा पडतो. दार्फूरच्या सुलतानांनी 'हाकूरा' या पद्धतीने जमिनीचे हक्क वाटून दिले होते. फूर आणि मसालित या आफ्रिकी जमातींच्या शेतकऱ्यांना, तसेच दक्षिणेकडच्या गुरे राखणाऱ्या अरब टोळ्यांना, आपापला मुलूख होता. उत्तरेकडच्या उंटपाळ रिझेगात अरबांना मात्र तो मिळाला नाही. पीक निघाल्यावर ठरलेल्या वाटांनी कळप यायचे, शेतात बसायचे आणि खत मागे ठेवून जायचे. आपल्याकडे रबाऱ्यांचे कळप कापणीनंतर रिकाम्या शेतात बसवले जातात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा व्यवहार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. १९७० च्या कायद्याने नोंद नसलेली जमीन सरकारजमा झाली, त्याच सुमारास पारंपरिक न्यायनिवाडा करणाऱ्या प्रमुखांचे अधिकारही काढून घेण्यात आले, आणि १९८० च्या दशकातल्या दुष्काळात भुकेले कळप कापणीआधीच दक्षिणेकडे उतरू लागले. भांडण जुनेच होते; ते मिटवणारा मात्र आता कोणी उरला नव्हता.

यापुढे दर टप्प्यावर दोनच प्रश्न विचारावेत : बंदूक कोणी दिली आणि पगार कोण देतो? २००३ मध्ये दार्फूरमध्ये उठाव झाला, तेव्हा अध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्या सरकारने तो मोडण्यासाठी जंजावीद नावाच्या अरब लढाऊ टोळ्यांना शस्त्रे दिली. २०१३ मध्ये त्यांतूनच 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' हे दल उभे राहिले आणि त्याचे नेतृत्व हेमेदती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोहम्मद हमदान दागालो यांच्याकडे गेले. २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला आणि देशाच्या तेलाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग त्याबरोबर गेला, तेव्हा सोन्याला महत्त्व आले. दार्फूरमधल्या जेबेल आमेरच्या खाणी २०१७ मध्ये हेमेदतींच्या ताब्यात आल्या. स्वतःची फौज आणि स्वतःचा खजिना असलेल्या या माणसाने सैन्यात कधी विलीन व्हायचे, यावर वाद पेटला : लष्कर दोन वर्षे म्हणत होते, हेमेदती दहा. लष्करप्रमुख अब्देल फत्ताह अल-बुरहान आणि हेमेदती यांनी बशीर यांच्यानंतर आलेले नागरी सरकार २०२१ मध्ये मिळून उलथवले होते, हे विसरून दोघांपैकी कोणालाही लोकशाहीचा रक्षक मानू नये.

विधाने वाचताना मी नवख्या वाचकांना बडोद्याचाच एक खटला सांगतो. १८७५ मध्ये इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करवल्याच्या आरोपावरून बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांची चौकशी झाली. आयोगातल्या सहाही जणांपुढे पुरावा तोच होता. तिघा इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला, तर ग्वाल्हेर व जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना तो सिद्ध वाटला नाही. इंग्रज सरकारने अखेर गैरकारभाराचे कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केले. आरोप एक आणि शिक्षेचे कारण दुसरे, हे कागद शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. सुदानसाठीही वहीचे पान उभे दुमडून दोन रकाने करावेत. २५ ऑक्टोबर २०२१ या तारखेपुढे एका रकान्यात बुरहान यांचे 'क्रांतीची दिशा सुधारली' हे म्हणणे येईल आणि दुसऱ्यात रस्त्यावर उतरलेल्या तरुणांचे 'सत्तापालट' हे म्हणणे. प्रत्येक आकड्यापुढे तो कोणी, कुठे आणि कशाच्या आधारे मोजला हेही लिहावे, कारण रुग्णालयेच बंद पडलेल्या शहरात रुग्णालयांच्या नोंदींवरून काढलेली मृतांची संख्या खऱ्या संख्येपेक्षा कमीच असते.

त्यानंतर वहीत आणखी एक पान उघडावे आणि त्यावर दोन्ही फौजांबाहेरची माणसे लिहावीत. वेढ्यात सापडलेल्या वस्त्यांमध्ये स्थानिक स्वयंसेवकांनी आपत्कालीन मदत कक्ष काढले आणि सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली; २०१९ मध्ये बशीर यांना हटवणाऱ्या आंदोलनातल्या मोहल्ला समित्यांतले अनेक कार्यकर्ते या कामात होते. उत्तर दार्फूरची राजधानी एल फाशेरचा वेढा, ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचा निष्कर्ष, ऑक्टोबर २०२५ मध्ये एल फाशेरचा पाडाव, हे सगळे या माणसांच्या बाजूने पुन्हा एकदा क्रमाने लिहून काढावे. आमच्या मंडळात हे पान सर्वांत उशिरा उघडले गेले, आणि आता दर रविवारी वाचन त्याच पानापासून सुरू होते.