सिमेंटच्या पेस्टचा यील्ड स्ट्रेस पाइपाच्या तुकड्याने कसा मोजावा

वांग्याचे भरीत ताटात वाढले की ढीग तसाच उभा राहतो, शेवभाजीचा रस्सा मात्र कडेपर्यंत पसरतो. भरीत हलायला ठरावीक जोर लागतो आणि त्याचे स्वतःचे वजन तेवढा जोर देत नाही. पेस्ट किंवा दाट घोळ वाहू लागायला लागणारा हा किमान ताण म्हणजे यील्ड स्ट्रेस. तो पास्कलमध्ये मोजतात. ग्राउट, म्हणजे भेगा भरायचा सिमेंटचा घोळ, भेगेत शिरेल की तोंडाशीच अडेल, ते बरेचसे याच आकड्यावर ठरते.

७५ मिमीच्या पीव्हीसी पाइपाचा बरोबर ७५ मिमी उंचीचा तुकडा कापा. जळगावात असे तुकडे कुठल्याही पाइपाच्या दुकानात पडलेले असतात. दोन्ही तोंडे काटकोनात हवीत, म्हणून पॉलिश पेपरवर घासून घ्या. आतला व्यास थोडा कमी भरला तरी चालेल, कारण पुढे दिलेल्या सूत्रात व्यास येतच नाही, फक्त उंची येते. शिवाय लेव्हल लावून ठेवलेली जाड काच, ग्रॅमचा काटा, स्टीलची पट्टी आणि घड्याळ लागेल.

१ किलो सिमेंटला ३५० ग्रॅम पाणी घ्या. एवढ्या पेस्टमध्ये दोन चाचण्या होतात. पाण्यात सिमेंट टाकत २ मिनिटे ड्रिलच्या पंख्याने ढवळा, कडेचे खरवडून आत घ्या, पुन्हा २ मिनिटे ढवळा. गुठळी राहिली तर आकडा विसरा. पाणी लागल्यापासून १० मिनिटे होताच अर्धा मिनिट परत ढवळून लगेच भरा. हे परत ढवळणे सर्वांत महत्त्वाचे. स्थिर पेस्टमध्ये कण एकमेकांना धरून जाळे बांधतात. ते न मोडता मोजले तर तीच पेस्ट कितीतरी घट्ट दिसते. दोन माणसांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा दोष सहसा पट्टीत नसतो, या मिनिटांत असतो.

तुकडा आतून ओल्या फडक्याने पुसा, काचेवर ठेवा, काठोकाठ भरा, वर पट्टी फिरवा. मग २-३ सेकंदांत सरळ वर उचला. झटका दिला तर पेस्ट जास्त बसते, फार रेंगाळले तर भिंतीला चिकटून वर ओढली जाते. हालचाल थांबली की वरच्या पृष्ठभागाच्या मध्यावर उंची मोजा. ७५ मधून ती वजा केली की स्लंप.

घनता स्टीलच्या ग्लासने काढा: काठोकाठ भरलेल्या पेस्टचे वजन भागिले तेवढ्याच पाण्याचे वजन, गुणिले १०००. वरच्या प्रमाणाला सुमारे २०२० किलो प्रति घनमीटर येते.

यील्ड स्ट्रेस = ½ × घनता × ९.८१ × उंची × (१ − √(स्लंप ÷ उंची))

उंची मीटरमध्ये. स्लंप ४८ मिमी आला तर ४८ ÷ ७५ = ०.६४, त्याचे वर्गमूळ ०.८, म्हणून उत्तर सुमारे १४९ पास्कल.

पेस्ट जवळजवळ सपाट झाली तर हे सूत्र सोडा आणि कान्ट्रो या संशोधकाच्या नावाने ओळखला जाणारा छोटा शंकू घ्या: वर १९, खाली ३८, उंची ५७ मिमी, आकारमान ३७.७ मिली. इथे पसरलेल्या चकतीचा व्यास मोजतात. उत्तर त्रिज्येच्या पाचव्या घाताने घटते, त्यामुळे १०० मिमी व्यासाला येणारे १६ पास्कल १०५ मिमीला साडेबारावर उतरतात. म्हणून व्यास दोन काटकोनी दिशांनी घ्या आणि सरासरी काढा.

खानदेशात खरी अडचण उन्हाळ्याची. गच्चीवरच्या टाकीतले पाणी वैशाखात हात भाजेल इतके तापते. त्यात पेस्ट लवकर आवळते, वरून पाणीही उडते. सिमेंट रात्रभर सावलीत ठेवा, पाणी माठातले घ्या, पेस्ट २७ अंशांच्या आसपास ठेवा आणि तापमान आकड्याशेजारी लिहा. झाकण म्हणून ओले गोणपाट पुरते, पण पाणी पेस्टमध्ये ठिबकू देऊ नका.

भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रातल्या राखेसारख्या राखेचा घोळही असाच मोजता येतो. फक्त जाड राख भरताभरताच तळाशी बसते. उचलल्यावर कडेने स्वच्छ पाण्याचे वेटोळे सुटले, तर घोळ फुटला आहे. तो आकडा वहीत न लिहिता पाणी कमी करून नवा घोळ करा.