बास मासा आमिषाला तोंड लावत नसेल तेव्हाची तयारी

बारीक तंगुसाची (गळाच्या दोराची) दुसरी स्पूल, म्हणजे रीलवर चढवायची फिरकी. यादी इथूनच सुरू होते, कारण गेल्या खेपेला रॉड, रील, आमिषांचे चार डबे असं सगळं पाण्यावर पोचलं आणि नेमकी ही एक वस्तू घरी टेबलावर राहिली. रीलवर १५ पौंडी (तेवढ्या ओढीला तुटणारा) जाड तंगूस, समोर न खाणारा मासा, दिवस वाया. तेव्हा आधी उठा, ती स्पूल बॅगेत टाका, मग पुढचं वाचा.

परवाना, टोपी, पाणी, खाणं. यावर काही बोलत नाही.

लार्जमाउथ बास (मोठ्या तोंडाचा, गोड्या पाण्यातला शिकारी मासा) का खात नाही याचा अंदाज घेतल्याशिवाय सामान काढू नका. थंडीची लाट येऊन गेली की दुसऱ्या दिवशी आभाळ लख्ख निळं असतं, ऊन टोचतं, वारा पडलेला असतो. एरवी आमिषामागे दोन-तीन मीटर धावणारा मासा मग बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत नाक खुपसून बसतो आणि फूटभरही हलत नाही. हवेचा दाब वाढला म्हणून तो खात नाही, असं जिथे तिथे ऐकायला मिळतं. पण हिशेब करून बघा. पाण्यात एक मीटर खाली गेलं की दाब साधारण ९८ हेक्टोपास्कल वाढतो. हवामान पालटताना हवेचा दाब फार तर २०-३० हेक्टोपास्कल बदलतो, म्हणजे मासा वीतभर वर-खाली झाला तरी तेवढा फरक पडतो. उजेड, वारा आणि पाण्याचं तापमान बदललेलं असतं, त्याकडे बघा. म्हणून दाबमापक नाही आणला तरी चालेल. दोरी बांधलेला थर्मामीटर मात्र हवाच.

आता स्पूल. ६ किंवा ८ पौंडी फ्लोरोकार्बन (एका प्रकारचा प्लास्टिकचा तंगूस), १०० मीटर पुष्कळ झालं. खाली जागा उरली तर जुना साधा नायलॉन भरून घ्या, महाग तंगूस तळाला गुंडाळण्यात अर्थ नाही. काठापासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा. फ्लोरोकार्बन ताठ असतो. गच्च भरला तर पहिल्याच फेकीत वेटोळीच्या वेटोळी उसळून बाहेर येतात आणि अर्धा तास गुंता सोडवण्यात जातो. स्पूल त्याच मॉडेलच्या रीलची आहे ना, हे घरी चढवून बघा. पुढून ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा दोर किती जोराला सुटावा हे ठरवणारा ब्रेक) असलेल्या रीलमध्ये ड्रॅगच्या चकत्या स्पूलच्या आतच असतात, त्यामुळे स्पूल बदलली की ड्रॅग पुन्हा लावावा लागतो. तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे ८ पौंडीला साधारण एक किलो. तराजूच्या काट्याला बांधून ओढून बघा, हाताच्या अंदाजावर जाऊ नका.

तंगूस बारीक का? माशाला जाड दोर दिसतो म्हणून, असं सांगितलं जातं. नितळ पाण्यात ते थोडंफार खरं असेलही, पण खरं कारण आमिष पडतं कसं यात आहे. ८ पौंडी फ्लोरोकार्बन साधारण ०.२३ मिलिमीटर जाडीचा असतो, १५ पौंडी ०.३५ च्या आसपास. तीन ग्रॅमचं वजन त्या जाड, ताठ दोराला खाली ओढूच शकत नाही. आमिष सरळ खाली न जाता कमानीत तुमच्याकडे झुलत येतं, माशाच्या नाकासमोर पडायच्या ऐवजी दोन मीटर अलीकडे पडतं. लांब गेलं तरी हाताला काही कळत नाही. वजन वाढवलं तर आमिष दगडासारखं पडतं, आणि न खाणाऱ्या माशाला तेच नको असतं. म्हणजे पुढे या यादीत जी जी छोटी आमिषं येतील, ती सगळी या एका स्पूलवर अवलंबून आहेत. ती नसेल तर बाकीचा डबा घरीच ठेवा, ओझं तरी कमी होईल.

रॉड साधारण दोन मीटर दहा सेंटीमीटरचा, मध्यम किंवा त्याहून एक पायरी हलका, टोकाशी लवकर वाकणारा. रील स्पिनिंगचं, २५०० आकाराचं. बेटकास्टर (फेकताना स्पूलच गरगर फिरणाऱ्या) रीलवर तीन ग्रॅम फेकायचा हट्ट नको. फेकल्यावर बेल (स्पूलवरची तारेची कमान) हाताने बंद करा, हँडल फिरवून नको, नाहीतर दुपारपर्यंत तंगुसाला पीळ बसलेला असतो.

गळ: एक किंवा दोन नंबरचे ड्रॉप शॉटचे (वजन दोराच्या टोकाला, गळ त्याच्या वर), बारीक तारेचे, दहा तरी. वॅकीसाठी (मऊ काडी मधोमध गळाला अडकवायची पद्धत) १/० चे. टोक नखावर अलगद ओढून बघा; घसरलं तर बोथट, रुतलं तर ठीक. न खाणारा मासा आमिष नुसतं तोंडात धरून सोडतो. तिथे बोथट गळ म्हणजे गळ नसल्यासारखाच.

वजनं टंगस्टनची घ्या. शिशापेक्षा बरीच घन असल्याने त्याच वजनाला आकार लहान, आणि तळ खडकाळ आहे की गाळाचा हे हाताला स्पष्ट कळतं. साडेतीन, पाच आणि सात ग्रॅमची ड्रॉप शॉटसाठी. मशरूमच्या डोक्याची जिग हेड (डोक्यालाच वजन असलेले गळ), १.८ ते ३ ग्रॅम, नेड रिगसाठी, म्हणजे त्यावर छोटं मऊ आमिष लावून तळाशी खेळवायला. अडकून तुटतात, म्हणून प्रत्येकी सहा-सात.

आमिषं थोडीच. दहा सेंटीमीटरचा सरळ किडा, बारा-तेरा सेंटीमीटरची मऊ काडी, सात सेंटीमीटरचा नेडचा तुकडा. रंग तीन: हिरवट तपकिरी, त्याहून फिकट पारदर्शक हिरवा, आणि गढूळ पाण्यासाठी काळा-निळा. चौथा रंग काढायला गेलात की तुम्ही मासेमारी सोडून डबा आवरायला लागलेला असता. सगळी आमिषं ज्याच्या त्याच्या पाकिटात ठेवा. रंग एकमेकांना लागतात, आणि ताणली जाणारी टीपीईची (रबरासारख्या प्लास्टिकची) आमिषं साध्या प्लास्टिकच्या आमिषांजवळ राहिली तर दोन्ही वितळून एक गोळा होतो. मग डबाही फेकायचा.

गाठी घरी बांधून न्या. ड्रॉप शॉटला पालोमार गाठ: शेपूट ५० सेंटीमीटर लांब सोडा, गाठ घट्ट झाल्यावर तीच शेपूट गळाच्या टोकाच्या बाजूने परत गळाच्या डोळ्यातून (दोर ओवायच्या भोकातून) काढा. गळ आडवा, टोक वर, असा उभा राहिला पाहिजे. लोंबकळत असेल तर पुन्हा बांधा. घट्ट करण्याआधी गाठ ओली करा. कोरडी ओढली की घर्षणाने तापते आणि फ्लोरोकार्बन तिथेच कमजोर होतो; तुटलेल्या टोकाला कुरळी शेपटी दिसली की समजा गाठ चुकली होती. गळापासून वजनापर्यंत २० ते ४० सेंटीमीटर. मासे तळापासून वर तरंगत असतील तर ६०.

स्पूल टाकलीत ना बॅगेत? विचारतोय एवढंच.

पोलराइज्ड (पाण्यावरची चमक कापणारा) चष्मा, तांबूस काचांचा. बुडालेलं झाड, गवताची कड, मोठ्या दगडाची सावली यामुळेच दिसते. खोलीचा नकाशा आदल्या रात्री बघा आणि पाचच जागा निवडा: जुन्या प्रवाहाचं बाहेरचं वळण, उथळातून एकदम खोल होणारी कड, धक्क्याखालची सावली, एकटं बुडालेलं झाड, वाऱ्याने लाटा आपटणारा काठ. पंधरा जागा निवडल्या तर प्रत्येकीला दोन फेकी मिळतात आणि न खाणारा मासा दोन फेकींत काही करत नाही. एका झुडपाला वेगवेगळ्या कोनांतून आठ-दहा फेकी द्याव्या लागतात.

थर्मामीटर काय सांगतो ते लक्षात ठेवा. पाणी १० अंशांखाली असेल तर माशाचं सगळं पचन मंदावलेलं असतं. पहाटे धावायची गरज नाही, दुपारनंतर उन्हात तापलेल्या खडकाळ काठाला जा. तिथे पाण्यात अधांतरी थांबणारं जर्कबेट (झटके देऊन ओढायचा लांबट नकली मासा) चालतं: दोन झटके, मग १० ते २० सेकंद हात न हलवता थांबायचं. मोजून थांबा, मनातले वीस सेकंद सात असतात. थंड पाणी जड असतं, म्हणून कोमट पाण्यात स्थिर राहणारं जर्कबेट तिथे हळूहळू वर येतं. ते वर येऊ नये म्हणून पोटाला चिकटवायची शिशाची पट्टी बरोबर ठेवा. आणि हेही जाड तंगुसावर नीट चालत नाही. तीच स्पूल.

पाणी २८ अंशांच्या वर गेलं असेल तर भल्या पहाटे, संध्याकाळी उशिरा किंवा रात्री. दुपारी दाट सावली. उन्हाळ्यात खोल तलावात कोमट आणि थंड पाण्याचे थर वेगळे होतात, खालच्या थरात प्राणवायू संपत जातो. सोनारवर (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर) या थरांची सीमा धूसर आडव्या रेघेसारखी दिसते. तिच्याखाली आमिष सोडून तासन् तास बसणं व्यर्थ.

एक अपवाद, तोही तयारीत हवा. मासा गवताच्या जाड गालिच्याखाली बसला असेल तर बारीक तंगूस काही कामाचा नाही. त्यासाठी वेगळा जाड रॉड, ५० ते ६५ पौंडी ब्रेड (विणलेला दोर), ३० ते ४५ ग्रॅमचं टंगस्टन. थेट छिद्र पाडून खाली, दोनदा उचल, बाहेर, पुढचं छिद्र. भूक नसली तरी नाकावर अचानक पडलेल्या वस्तूला मासा तोंड मारतो. तेच तत्त्व लाकडावर आपटत येणाऱ्या चौकोनी ओठाच्या क्रँकबेटला (ओढलं की बुडणारा, थरथरणारा नकली मासा).

पाण्यावर गेल्यावर ड्रॉप शॉटचं वजन हलवू नका, फक्त दोराची ढील थोडी हलवा. बहुतेक लोक हालवून हालवून मासा घालवतात. वॅकी काडी गळाला रबरी कडीने अडकवा, वजन नको, ढिल्या दोरावर तळापर्यंत पडू द्या आणि दोर पाण्यात शिरतो तिथे नजर ठेवा. टुकटुक जाणवेलच असं नाही. दोर बाजूला सरकला, मध्येच थांबला किंवा नुसता जड लागला, तरी मासा असू शकतो. मोठा हिसका देऊ नका, ८ पौंडी तुटेल. दोर ताणत रॉड मागे झुकवा, बारीक तारेचा गळ आपोआप रुततो.

पक्कड, कात्री. हात ओले करूनच मासा धरा, खालच्या ओठाला उभा, मोठा असेल तर पोटाला आधार. गळ घशात गेला असेल तर उकरू नका, तंगूस जवळून कापा. दहा मीटर खोलीतून वर आणलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते, सोडायचा असेल तर तेवढ्या खोलीवर नकोच.

घरी आल्यावर डबे उघडे ठेवा, नाहीतर ओल राहून गळ गंजतात. ड्रॅग सैल करा. पहिले चार मीटर बोटांतून ओढून खरखर लागली तर कापा. उरलेला तंगूस किती, ते चिकटपट्टीवर लिहून स्पूलला चिकटवा. ६० मीटरच्या खाली असेल तर आजच भरा, आणि भरून झाली की बॅगेत. टेबलावर नाही.