गडावरच्या मुक्कामातले रात्रीचे जेवण: चौघांसाठी खिचडी आणि पिठले

सह्याद्रीतील एखाद्या गडावर रात्रीचा मुक्काम ठरला, की जेवणाची चर्चा बहुधा पदार्थांच्या नावांनी सुरू होते. माझ्या मते ती पाण्यापासून सुरू व्हायला हवी. शिधा आणि इंधन पाठीवरून वर नेता येते. पाणी मात्र त्या ऋतूत गडावर असेल तेवढेच मिळते, आणि उजेड सूर्य देईल तेवढाच. या दोन मर्यादा मान्य केल्या, की पदार्थांची निवड जवळजवळ आपोआप होते: एका पातेल्यात होणारी, कमी भांडी लागणारी आणि अंधार पडण्यापूर्वी उरकणारी मुगाची खिचडी, सोबत पिठले, आणि खालच्या गावातून करून घेतलेल्या भाकरी. येथे उदाहरण म्हणून अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगड आणि हिवाळ्यातला, चार जणांचा एका रात्रीचा मुक्काम धरला आहे; पाण्याची खात्री करून घेतली तर हीच पद्धत इतर गडांवरही उपयोगी पडते.

सर्वांत आधी परवानगीचा विचार करावा. हरिश्चंद्रगड हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात येतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवणे किंवा ती पेटती सोडणे यास मनाई आहे. दिवाळीनंतर डोंगरावरचे गवत वाळून पिवळे पडते, आणि वाऱ्यावर उडालेली एक ठिणगीही संपूर्ण उतारावर वणवा पसरवू शकते. म्हणून तीन दगडांची चूल आणि शेकोटी या दोन्ही गोष्टींचा मोह सोडून लहान गॅस स्टोव्हच वापरावा. मुक्कामाची जागा आणि स्टोव्ह यांविषयी त्या वेळी लागू असलेले नियम पाचनईसारख्या पायथ्याच्या गावात, वनविभागाच्या माणसांना विचारून घ्यावेत. काही गडांवर रात्री राहण्यासच परवानगी नसते, त्यामुळे हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवलेले बरे. आणखी एक गोष्ट मुंबईकरांनी विशेष लक्षात ठेवावी: गॅसचे सिलिंडर, रॉकेल यांसारखे ज्वलनशील पदार्थ रेल्वेने नेण्यास बंदी आहे. कसारा लोकलने येणाऱ्या गटाने स्टोव्हचा बेत सोडून पायथ्याच्या गावातील एखाद्या घरी जेवणाची सोय आधी कळवून ठेवावी. त्यात काहीही उणे नाही. गावातल्या चुलीवरची गरम भाकरी आणि पिठले हे उत्तम जेवण आहे, आणि त्याचे पैसे ज्यांच्या डोंगरात आपण जातो त्यांच्याच हाती पडतात.

स्वतः शिजवायचे असेल, तर खरे काम आदल्या दिवशी घरी करायचे असते. २५० ग्रॅम तांदूळ आणि १२५ ग्रॅम मुगाची डाळ घरीच स्वच्छ धुवावी, सावलीत कापडावर पसरून पूर्ण कोरडी करावी आणि मंद आचेवर हलकीशी भाजून एकत्र डब्यात भरावी. यामुळे वर गेल्यावर धुण्याचे पाणी वाचते आणि डाळही लवकर शिजते. तांदूळ इंद्रायणी किंवा आंबेमोहोर असा किंचित चिकट होणारा घेतला, तर मऊ खिचडी चांगली जमते. तुरीची डाळ कुकर नसेल तर अजिबात नेऊ नये. उंची वाढते तसे पाणी कमी तापमानाला उकळते, आणि हरिश्चंद्रगडासारख्या सुमारे १,४०० मीटर उंचीच्या ठिकाणी ते साधारण ९५ अंश सेल्सिअसलाच उकळू लागते. त्यानंतर कितीही मोठी आच दिली तरी उघड्या पातेल्यातील पाणी त्याहून जास्त तापत नाही. मुगाला एवढ्या तापमानात थोडा जास्त वेळ लागतो इतकेच. तूर मात्र गॅस संपेपर्यंत कणीदार राहण्याचा संभव असतो.

फोडणीचे साहित्य वेगवेगळ्या पुड्यांत नेऊ नये, कारण अंधारात आणि वाऱ्यात पुड्या सोडणे त्रासाचे होते. मोहरी, जिरे, हिंग आणि वाळवलेला कढीपत्ता एका लहान डबीत. हळद अर्धा चमचा, गोडा मसाला दोन चमचे आणि मीठ तीन सपाट चमचे दुसऱ्या डबीत. असे चहाच्या चमच्याने मोजून खिचडीपुरतेच भरावे. पिठल्यासाठी १२५ ग्रॅम बेसन घ्यावे आणि आठ-दहा लसूण पाकळ्या व तीन हिरव्या मिरच्या मिठासह ठेचून छोट्या डबीत घ्याव्यात. कांदे आणि बटाटे अखंड न्यावेत. टोमॅटो पिशवीत फुटतो, म्हणून आंबटपणासाठी आमसुले घ्यावीत. ती हलकी असतात आणि खराब होत नाहीत. शेंगदाण्याची चटणी, लोणचे आणि लहान बाटलीतले तूप यांना जागा जरूर ठेवावी, कारण दिवसभराच्या चढणीनंतर साध्या खिचडीला तुपानेच चव येते. पनीर, कच्चे चिकन, दही यांसारखे नाशवंत पदार्थ बर्फाच्या पेटीशिवाय उन्हातून तासन्तास नेणे धोक्याचे आहे.

भांड्यांपैकी घट्ट झाकणाचे चार लिटरचे पातेले, दीड-दोन लिटरचे दुसरे पातेले, सांडशी, लांब दांड्याचा डाव, सुरी आणि प्रत्येकाची स्वतःची ताटली, वाटी, चमचा व पेला पुरतो. थर्माकोलच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. गॅसचा २३० ग्रॅमचा डबा चौघांच्या जेवणाला आणि सकाळच्या चहाला साधारणपणे पुरतो, मात्र वारा असेल तर खप फार वाढतो. म्हणून अर्धवट वापरलेला डबा घरीच काट्यावर तोलून पाहावा आणि शंका असल्यास दुसरा सोबत घ्यावा. थंडीच्या रात्री ज्योत मंदावल्यासारखी वाटते, त्याचे कारण या डब्यातील ब्यूटेन हा वायू शून्य अंशाच्या जवळपास बाष्परूप होणेच थांबवतो आणि त्याच्या वरच्या तापमानातही त्याचा दाब घटतो. पेटवण्यापूर्वी डबा काही वेळ जाकिटाच्या आत ठेवला तर फरक पडतो. तो ज्योतीजवळ धरून तापवण्याचा प्रयत्न मात्र कोणीही, कधीही करू नये.

डिसेंबरमध्ये सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. त्यामुळे दुपारी चार ते साडेचारपर्यंत मुक्कामाच्या जागी पोहोचणे हा जेवणाच्या तयारीचाच भाग समजावा. पोहोचताच तांदूळ-डाळ मोठ्या पातेल्यात सुमारे एक लिटर पिण्यायोग्य पाण्यात भिजत घालावी आणि मगच तंबू उभारण्याच्या व पाणी आणण्याच्या कामाला लागावे. चौघांना खिचडीसाठी पावणेदोन लिटर, पिठल्यासाठी एक लिटरच्या आत, रात्री पिण्यासाठी चार लिटर, सकाळच्या चहाला एक लिटर आणि भांड्यांसाठी दीड लिटर, असे नऊ ते दहा लिटर पाणी लागते. त्यासाठी घडी होणारा कॅन सोबत असावा. गडावरच्या खडकात खोदलेल्या टाक्यातील पाणी स्वच्छ सुती कापडाच्या चार पदरांतून गाळून घ्यावे. स्वयंपाकाचे पाणी उकळणारच असते. पिण्याचे पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळावे, किंवा औषधाच्या दुकानात मिळणारे क्लोरीनचे थेंब बाटलीवर दिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. फेब्रुवारीनंतर टाक्यांतील पाणी घटते, तेव्हा पाण्याची खबर गावातच काढावी.

टाक्यात किंवा पुष्करणीत हात, पाय वा भांडी बुडवू नयेत, हे सांगावे लागते याचेच वाईट वाटते. हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराजवळची सप्ततीर्थ पुष्करणी आणि खडकात खोदलेली टाकी ही शतकानुशतके माणसांची तहान भागवत आली आहेत. आपल्यानंतर येणाऱ्यालाही तेच पाणी लागणार आहे. स्वच्छ भांड्याने पाणी काढून घ्यावे आणि बाकीचे सारे दूर जाऊन करावे.

स्वयंपाकाची जागा सपाट, वाळलेल्या गवतापासून दूर आणि खडकाच्या आडोशाला असावी. कोकणकड्याच्या, म्हणजे गडाच्या पश्चिमेकडील उभ्या कड्याच्या, जवळ स्टोव्ह मांडू नये. तेथे कोकणातून वर येणारा वारा ज्योत टिकू देत नाही आणि अंधारात कड्याजवळ वावरणे जिवावर बेतू शकते. मंदिराच्या आवारात किंवा लेण्यांतही शिजवू नये, कारण काजळीने काळवंडलेला कोरीव दगड पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. जागा ठरवताना वर नजर टाकून कड्याला किंवा झाडाला आग्या मोहोळ नाही ना, हे अवश्य पाहावे. धूर आणि उग्र वास यांमुळे या मधमाश्या चवताळतात आणि त्यांचा हल्ला जीवघेणा ठरू शकतो. स्टोव्ह टेकवण्यासाठी दगड उचलायचा असेल, तर आधी काठीने हलवून पाहावा, कारण त्याखाली विंचू असू शकतो. वाऱ्याला आडोसा करताना तो एका बाजूनेच करावा. डब्यावरच बसणाऱ्या स्टोव्हला चहूबाजूंनी पत्रा लावला तर डबा तापतो आणि फुटू शकतो.

पाचच्या सुमारास स्टोव्ह पेटवावा. पातेल्यातील भिजलेली तांदूळ-डाळ पाण्यासकट लहान पातेल्यात काढून घ्यावी. मोठ्या पातेल्यात तीन मोठे चमचे तेल तापवून पहिल्या डबीतील फोडणी करावी, मूठभर शेंगदाणे, एक चिरलेला कांदा आणि लहान फोडी केलेले दोन बटाटे परतावेत, दुसऱ्या डबीतील मसाला घालावा आणि लगेच तांदूळ-डाळ व उरलेले पाणी ओतावे. उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटे मध्यम आचेवर शिजवावे. या स्टोव्हची ज्योत पातेल्याच्या मध्यभागी एकवटते, त्यामुळे तळ लागू नये म्हणून डाव सतत फिरता ठेवावा. दाणा बोटाने चेपला जाऊन मध्ये किंचित कणी राहिली, की गॅस बंद करून झाकण घट्ट बसवावे आणि पातेले आधी वर्तमानपत्राच्या जाड थरात व मग जुन्या सुती चादरीत वा घोंगडीत गुंडाळून पंचवीस मिनिटे ठेवावे. आतल्या उष्णतेवर खिचडी पूर्ण होते आणि बराच गॅस वाचतो. नायलॉनची स्लीपिंग बॅग यासाठी वापरू नये. गरम धातूला लागून ती वितळते.

तेवढ्या वेळात मोकळ्या स्टोव्हवर पिठले होते. बेसन आणि एक पेला थंड पाणी बाटलीत घालून जोराने हलवले, की गुठळ्या राहत नाहीत. लहान पातेल्यात फोडणी, दुसरा कांदा आणि ठेचलेली लसूण-मिरची परतून दोन पेले पाणी व दोन आमसुले घालावीत, उकळी आल्यावर बाटलीतील पीठ सावकाश धार धरून ओतावे आणि सतत ढवळत सात-आठ मिनिटे शिजवावे. भातावर घ्यायचे असल्याने ते थोडे पातळ असलेले चांगले. भाकरी झाकणावर ठेवल्या तर वाफेने मऊ होतात. थंडी किंवा पाऊस कितीही असला तरी स्टोव्ह तंबूत पेटवू नये: जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद तंबूत तो झोपेतच जीव घेऊ शकतो. धगधगते निखारे आत नेण्यालाही हाच धोका आहे.

जेवायला सर्वांनी एकत्रच बसावे, कारण वाढलेले अन्न डोंगरवाऱ्यात काही मिनिटांत निवते. डोक्याला लावायच्या विजेऱ्या बसण्यापूर्वीच हाताशी घ्याव्यात. जो सर्वांत दमला असेल त्याला आधी वाढावे. थकव्याने भूक मेलेली असली तरी दोन घास गरम खिचडी आणि तूप पोटात गेल्यावर त्याला बरे वाटू लागते. अन्न मोजूनच केलेले असल्याने उरू नये, पण उरलेच तर थोडे थोडे सर्वांनी संपवावे. शिजलेला भात सकाळपर्यंत तसाच ठेवला तर त्यात वाढणाऱ्या जंतूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, आणि गड उतरताना पोट बिघडणे फार त्रासाचे ठरते.

ताटल्या भाकरीच्या तुकड्याने पुसून घेतल्या तर धुण्याचे काम निम्मे होते. मोठ्या पातेल्यात थोडे पाणी तापवून तळ खरवडावा, त्याच पाण्यात क्रमाने ताटल्या विसळाव्यात, साबण टाळावा आणि ते पाणी टाक्यांपासून किमान ६० मीटर दूर, मातीत पसरून टाकावे. खरकटे कड्यावरून भिरकावू नये. त्यावर सवयीने जगू लागलेली वानरे पुढच्या माणसांच्या पिशव्या ओढतात, आणि उंदीर लेण्यांत वस्तीला येतात. कांद्याची साले, कागद, रिकामा गॅसचा डबा असे सर्व एका जाड पिशवीत बांधावे. झोपण्यापूर्वी स्टोव्ह थंड झाल्यावर डब्यापासून वेगळा करावा, उरलेला शिधा आणि कचऱ्याची पिशवी जमिनीपासून वर टांगावी, आणि सकाळी निघताना ही पिशवी कोणी उचलायची हे रात्रीच ठरवून घ्यावे.