हवेच्या लाइनचा पाइप निवडताना या चुका टाळा

कॉम्प्रेसरच्या गेजवर ७ बार दिसतात, पण शेडच्या दुसऱ्या टोकाची व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) टूल बदलताना हवेचा दाब कमी असल्याचा अलार्म देऊन थांबते. भोसरी-चाकणच्या छोट्या शॉपमध्ये अशा वेळी पहिला हात जातो तो कॉम्प्रेसरच्या सेटिंगकडे. दाब १ बारने वाढवला की वीज साधारण ७ टक्के जास्त लागते. २० एचपीचा कॉम्प्रेसर वर्षाला ४,८०० तास भरलोडवर चालत असेल, तर हे जवळपास ५,००० युनिट झाले. वर प्रत्येक गळतीतून हवाही जास्त जाते, ते वेगळंच.

आधी दाब कुठे पडतोय ते शोधा. एक गेज टाकीवर, एक मशीनच्या एफआरएलच्या (फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटरचा संच) आधी, एक नंतर. रीडिंग मात्र मशीन हवा खेचत असतानाच घ्या. सगळं बंद असताना पाइप कितीही बारीक असला तरी दाब पूर्ण दिसतो. टाकी आणि एफआरएल यांच्यात ०.३ बारपेक्षा जास्त फरक आला, तर पाइपाकडे बघायचं. आधीचा काटा स्थिर आणि नंतरचा झपकन खाली बसतो? मग फिल्टर चोक झालाय किंवा एफआरएलच लहान पडतोय. दोन्ही ठीक असतील तर पुढची बारीक पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब आणि क्विक कपलर (झटकन जोडायचा-काढायचा जोड) तपासा. हेडर (हवेची मुख्य लाइन) दोन इंची टाकून शेवटी ६ मिमीची लांबलचक ट्यूब जोडलेली असते, तिकडे कुणाचं लक्षच जात नाही.

कॉम्प्रेसरच्या आउटलेटचा साइज तोच लाइनचा साइज धरणे

सर्वात महागात पडणारी चूक ही. साइज ठरतो तो सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा), लांबी आणि दाब यांवरून. ८० सीएफएम हवा ७ बारने १०० मीटर न्यायची असेल, तर पाऊण इंची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपात जवळजवळ १ बार जातो, इंचीत ०.३ आणि दीड इंचीत फक्त ०.०४. आतला व्यास निम्मा केला की दाबाची घट सुमारे ३२ पट होते, म्हणून एका साइजनेही एवढा फरक पडतो. दोन साइजमध्ये मन अडलं तर मोठाच घ्या. पाइपाचा जादा खर्च एकदाच होतो, आणि पुढे एखादं मशीन वाढलं तरी हेडर पुरतो.

फक्त सरळ लांबी मोजणे

इंची पाइपावरचा एक एल्बो साधारण पाऊण मीटर पाइपाइतका अडथळा करतो, तर ग्लोब व्हॉल्व्ह ९ मीटरच्या आसपास. त्यामुळे लाइनवर फुल बोअर (पाइपाइतकंच भोक असलेले) बॉल व्हॉल्व्हच लावा.

ड्रॉप (मशीनकडे उतरणारा फाटा) हेडरच्या खालून काढणे

हेडरमधलं पाणी थेट मशीनमध्ये उतरतं. ड्रॉप वरच्या बाजूने काढून खाली वळवा, हेडरला १०० ला १ उतार द्या आणि शेवटी ड्रेन ठेवा.

स्वस्त पडतो म्हणून पाण्याचा पीव्हीसी पाइप हवेला कधीही वापरू नका. तो फुटला की तुकडे गोळीसारखे उडतात.

जुनी लाइन बारीक निघाली तरी सगळी उखडावी लागतेच असं नाही. ती एका भिंतीने गेली असेल, तर शेवटच्या मशीनपासून दुसऱ्या भिंतीने त्याच साइजचा पाइप परत टाकीकडे आणून रिंग पूर्ण करा. लांबच्या मशीनला दोन्हीकडून निम्मी-निम्मी हवा मिळते आणि हेडरमधली घट जवळपास पावपटीवर येते.