पाइप-वेल्डमधील भेगवाढीचे गणित: या चुका टाळा

दाबयुक्त पाण्याच्या जुन्या अणुभट्ट्यांत कमी मिश्रधातूच्या पोलादाचे नोझल (पात्राचे पाइप जोडायचे तोंड) आणि स्टेनलेस स्टीलचा सेफ एंड (नोझल आणि पाइप यांमधला आखूड तुकडा) बहुधा मिश्रधातू ८२ किंवा १८२ या निकेल-मिश्रधातूंच्या वेल्डने जोडलेले असतात. ताण-गंज भेग, म्हणजे खेचताण आणि गरम पाण्याचा गंज यांनी मिळून वाढणारी भेग, याच वेल्डमध्ये वाढते. तिच्या वाढीचे समीकरण जेमतेम एका ओळीचे आहे, त्यामुळे सगळे लक्ष तिकडे जाते. गणित मात्र सहसा समीकरणात फसत नाही. ते फसते त्यात घातलेल्या ‘के’मध्ये, म्हणजे भेगेच्या टोकाशी ताण किती एकवटतो हे सांगणाऱ्या ताण-तीव्रता गुणांकात.

आधी एक आकडा पडताळा

एमआरपी-११५ या अमेरिकी उद्योग-अहवालात अशा वेल्डमधील भेगवाढीचे समीकरण दिले आहे. त्यात मिश्रधातू १८२ साठी ३२५ अंश सेल्सिअसला वेग = १.५ × १० चा उणे १२ वा घात × के चा १.६ वा घात. के मेगापास्कल √मीटरमध्ये, वेग मीटर प्रति सेकंदात. के ३० घातला की वर्षाला सुमारे ११ मिलिमीटर यायला हवेत. तेवढे येत नसतील तर पुढे जाऊ नका, आधी चूक शोधा:

- उत्तर सुमारे २५० पट मोठे: के मेगापास्कल √मिलिमीटरमध्ये गेला आहे.
- ३२५ वरून ३४५ अंशांवर जाताना वेग १६ पट झाला: तापमान केल्विनऐवजी सेल्सिअसमध्ये दिले आहे. सक्रियण ऊर्जा (तापमानाने वेग किती बदलतो हे ठरवणारा आकडा) १३० किलोज्यूल प्रति मोल धरली तर वाढ २.३ पटच व्हायला हवी.
- उत्तर २.६ पट कमी: मिश्रधातू ८२ चा गुणक १८२ ला लागला आहे.
- के ९ च्या खाली वेग थेट शून्य: मूळ धातू मिश्रधातू ६०० च्या समीकरणातला उंबरठा वेल्डच्या समीकरणात आला आहे. एमआरपी-११५ मध्ये उंबरठा नाही.

डेंड्राइटच्या (वेल्ड गोठताना बनणाऱ्या लांबट स्फटिकांच्या) दिशेचा ०.५ हा गुणकही जपून वापरा. भेग डेंड्राइटला स्पष्टपणे काटकोनात वाढते आहे असे दाखवता येत असेल तरच तो लावा, एरवी १.

अवशिष्ट ताण: खरी गोम इथे

के ३० टक्के चढा आला की वेग ५० टक्क्यांहून अधिक चढा येतो. के सर्वात जास्त चुकवतो तो वेल्डचा अवशिष्ट ताण, म्हणजे वेल्ड थंड होताना धातूत अडकून राहिलेला ताण. पुस्तकातली ठरावीक ताणरेषा (भिंतीच्या जाडीभर ताण कसा बदलतो त्याची रेषा) उचलून लावू नका, वेल्डचा इतिहास मागवा. वेल्ड आतून खणून पुन्हा भरला असेल तर आतल्या पृष्ठाजवळचा खेचताण बराच वाढतो. उलट, सेफ एंड आखूड असेल आणि त्याच्या पलीकडचा स्टेनलेस वेल्ड नंतर झाला असेल, तर तो आतला ताण उतरवतो. यातली कुठलीही एक गोष्ट सुटली तर भेग प्रत्यक्षाहून कितीतरी वेगवान किंवा मंद दिसते.

हा ताण फायनाइट एलिमेंटने, म्हणजे वेल्डचे छोटे तुकडे करून संगणकावर काढतात. त्यात धातू ताणाखाली कसा कठीण होतो याचे समदिश गृहीतक (समदिश कठोरीकरण) धरले की ताण सहसा चढा येतो, गतिक धरले की उतरता. दोन्ही चालवून सरासरी घेण्याची पद्धत रूढ आहे. पाइप अक्षसममित (अक्षाभोवती सगळीकडे सारखा) धरला असेल तर भिंतीच्या जाडीभर अक्षीय अवशिष्ट ताणाची बेरीज करून पाहा. निव्वळ बल शून्य आले नाही, तर ती ताणरेषा कुठेतरी बिघडली आहे.

मग येते वक्र बसवण्याची चूक. आत खेचताण, मध्ये दाब-ताण, बाहेर पुन्हा खेचताण अशा रेषेवर पूर्ण जाडीभर एकच त्रिघाती बहुपदी बसवली की आतल्या पृष्ठावरचे शिखर कापले जाते. उथळ भेगेचा के तर त्याच शिखरावर ठरतो. वजन-फल पद्धतीने (प्रत्येक खोलीवरच्या ताणाला त्याचे वजन देऊन के काढण्याच्या पद्धतीने) मूळ ताणरेषाच वापरलेली बरी.

भारांची बेरीज

भेगेच्या आतल्या पृष्ठांवर पाण्याचा १५.५ मेगापास्कल दाब असतो, तो हमखास विसरला जातो. लांब, १० मिलिमीटर खोल भेगेत एवढ्यानेच के निदान ३ ने वाढतो. उलटी चूकही होते: कार्यकारी दाब-तापमानासह काढलेली ताणरेषा ‘अवशिष्ट’ म्हणून घेतली जाते आणि तिच्यावर दाबाचा ताण पुन्हा चढवला जातो.

भेग थांबली, असे लगेच मानू नका

भिंतीच्या मध्यभागी दाब-ताण लागला की सर्वात खोल बिंदूवरचा के शून्याखाली जाऊ शकतो. काही प्रोग्राम तिथे ऋण संख्येचा १.६ वा घात काढायला जातात आणि कोलमडतात, काही निरपेक्ष किंमत घेऊन भेग खुशाल वाढवतात. ऋण के ला वेग शून्य, हे बरोबर. पण गणित तिथे संपत नाही. आतल्या पृष्ठावरची टोके वाढतच राहतात, भेग परिघाने लांबते, लांबल्यामुळे खोल बिंदूवरचा के पुन्हा चढतो आणि थांबलेली भेग चालू लागते. म्हणून खोली आणि लांबी दोन्ही स्वतंत्रपणे पुढे न्या. लांबी-खोलीचे गुणोत्तर गोठवणे हा सोपा पण घातक मार्ग आहे.

२००६ मध्ये अमेरिकेतील वुल्फ क्रीक प्रकल्पात प्रेशरायझरच्या (अणुभट्टीतल्या पाण्याचा दाब राखणाऱ्या पात्राच्या) नोझल-वेल्डमध्ये परिघीय भेगांच्या खुणा आढळल्या. तेव्हा अर्धलंबवर्तुळ आकार धरून केलेल्या हिशोबात गळती आणि फुटणे यांत काही प्रसंगी अवधीच उरत नव्हता. भेगेला प्रत्येक बिंदूवर स्थानिक के नुसार वाढू दिल्यावर चित्र बदलले. म्हणजे आकाराचे गृहीतक निव्वळ बारकावा नाही. अक्षीय भेगेचे मात्र सोपे असते: ती वेल्डच्या रुंदीत अडकते, तिला शेजारच्या पोलादात पळवू नका.

पर्सेंटाइल आणि कालटप्पा

वरचा १.५ हा गुणांक ७५ व्या पर्सेंटाइलचा आहे, म्हणजे ७५ टक्के वेल्डांत भेग त्याहून मंद वाढते. एकच उत्तर काढणाऱ्या निश्चित हिशोबाला तो योग्य. संभाव्यतेच्या हिशोबात त्यालाच मध्यक मानून भोवती विखुरण पसरवले, तर सावधगिरी दोनदा मोजली जाते. तिथे मूळ वितरणाचा मध्यक घ्या. कालटप्पा एवढा ठेवा की एका टप्प्यात भेग जाडीच्या एक टक्क्याहून जास्त सरकणार नाही. मग टप्पा निम्मा करून गणित पुन्हा चालवा. गळतीपर्यंतचा काळ हलला, तर टप्पा अजून मोठाच आहे.